पाहुणे आले की बाग

वडगाव निंबाळकरच्या रामहरी तात्यांना निसर्गाची ओढ लागली ती पोराचं लग्न जमेना तेव्हापासून. त्याआधी निसर्ग म्हणजे उसावर सावली पाडणारी कटकट, असंच त्यांचं मत होतं. बांधावर आंबा होता, तो त्यांनी काढला. लिंब होता, तोही काढला. त्या जागेत उसाची आणखी एक सरी बसली आणि तात्यांना झोप गाढ लागली. त्यांच्या पत्नीनं, द्वारकाबाईंनी, एकदा अंगणाच्या कडेला मोगरा आणि जास्वंद लावली होती. फुलं यायला लागली त्याच आठवड्यात तिथं ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन उभी राहिली. "मग ट्रॉली काय डोक्यावर ठिवू?" असं तात्यांनी विचारलं. ती ट्रॉली अजून तिथंच आहे.

बारामतीला तात्यांचं जाणं सारखंच. खताचं दुकान, बँक, कारखान्याच्या सभासदांची कसली तरी बैठक. तिथल्या नगरपालिकेच्या बागेच्या फाटकावरून त्यांची मोटारसायकल शेकडो वेळा गेली असेल, पण मान वळली नाही. आत बाकांवर बसलेली माणसं दिसली तर ते मागं बसलेल्याला म्हणत, "ह्यास्नी काय कामधंदा न्हाय व्हय? गवत बघाया येत्यात. आमच्याकडं त्ये म्हशी खात्यात."

अशा माणसाला बागेची गोडी लागायला तसंच कारण घडावं लागतं. ते कारण म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा रविराज. पोरगं शेतीची पदविका घेतलेलं, सुपारीचं खांडसुद्धा न खाणारं. ऊस ठिबकवर, गोठ्यात चांगल्या गाई, घर स्लॅबचं. पंधरा वर्षांपूर्वी असल्या मुलासाठी लोकांनी उंबरा झिजवला असता. आता लोक फोनवरच विचारत, पुण्यात फ्लॅट आहे का? नाही म्हटलं की पलीकडून आवाज गोड व्हायचा आणि फोन ठेवला जायचा. एका पाहुण्यांनी तर अगदी कळवळून सांगितलं, "मुलगा सोनं आहे हो. पण खेडं पडलं ना. आमच्या पोरीचा जीव रमायचा नाही."

जीव रमायचा नाही! तात्या आठवडाभर हे वाक्य घोळवत बसले. घरात बाई आणली की तिचा जीव रमवायचाही असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण तात्या हार मानणारे नव्हते. त्यांनी विचार केला की जीव रमवायचं सगळं सामान बारामतीत तयार आहे. बाग आहे, कारंजं आहे, कालव्याच्या कडेनं फिरायला रस्ता आहे. पलीकडं भिगवणला उजनीच्या पाण्यावर परमुलखातली पाखरं उतरतात, ती बघायला पुण्याची माणसं गाड्या भरभरून येतात. हे सगळं आपलंच तर आहे. फक्त पाहुण्यांना दाखवायचं राहिलं होतं.

मग तात्यांनी कार्यक्रम आखला, आणि तो असा की एखाद्या सहल कंपनीनं शिकायला यावं. पाहुण्यांना वडगावला बोलवायचंच नाही, थेट बारामतीच्या बागेपाशी भेटायचं. बागेच्या रखवालदाराला आदल्या दिवशी गुळाची ढेप पोचवायची, म्हणजे तात्या फाटकातून आत शिरताना तो उभा राहून नमस्कार घालतो. बाग झाली की कालवा. तिथून भिगवण, बोट, पाखरं, आणि पाण्याकाठच्या खानावळीत मासळीचं जेवण. घर दाखवायचं ते अगदी शेवटी, दिवेलागणीला, म्हणजे गोठा दिसत नाही. त्याचा वास येतो, पण मासळी खाल्लेल्या पाहुण्यांना तेवढं जाणवत नाही, असा तात्यांचा हिशेब.

फिरताना तात्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा. ही आमची बाग. हे आमचं कारंजं. नगरपालिकेला याची काहीच कल्पना नव्हती. भिगवणला पोचेपर्यंत तात्यांचा मालकी हक्क चांगलाच फोफावलेला असायचा आणि कच्छकडून आलेले फ्लेमिंगो पक्षीसुद्धा वडगावचे रहिवासी होऊन जायचे. "आमची पाखरं दरसाल येत्यात. त्यास्नी पुणं न्हाय आवडत," असं ते मुलीच्या बापाकडं रोखून बघत सांगत.

पहिली मंडळी हडपसरची आली. त्यांनी बाग बघितली, बोटीत बसून फोटो काढले, ते सगळ्या नातेवाइकांना पाठवले आणि नकार कळवला. दुसरी मंडळी फलटणकडची. त्यांनी मासळी तीनदा मागून घेतली, इतका सुंदर दिवस वर्षात गेला नाही म्हणून तात्यांचे हात हातात घेतले, आणि चार दिवसांनी नकार कळवला. वर महिन्याभरानं फोन करून बोटवाल्याचा नंबर मागितला, कारण त्यांच्याकडं दुसरे पाहुणे येणार होते. तात्यांनी नंबर दिला. मनातल्या मनात काय काय दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मग इंदापूरचं स्थळ आलं. मुलगी संस्कृती, लोणी देवकरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. स्वतःची स्कूटी, स्वतःचा पगार, आणि मुख्य म्हणजे पुण्याला जायचं नाही असं तिचं तिनंच ठरवलेलं. वडील जोतीराम, मूळचे शेतकरीच. नोकरी चालू राहिली पाहिजे, ही एक अट. तात्यांनी ती ऐकून घ्यायच्या आधीच मान्य केली. रविराज तिच्याशी फोनवर दोनदा बोलला आणि त्यानंतर गोठ्यात धारा काढताना शीळ वाजवायला लागला. पोरगं इतकं मनापासून कुणासाठी आशा लावून बसलेलं तात्यांनी प्रथमच पाहिलं होतं. हे स्थळ हातचं गेलं तर आता वय पुढं सरकलं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकच घोळ झाला. जोतीरामांनी निरोप दिला, "रविराजच्या आईंनाही आणा. संस्कृतीला त्यांच्याशी बोलायचंय."

तात्यांच्या कार्यक्रमात द्वारकाबाई नव्हत्याच. त्यांचं काम घरी थांबून दिवेलागणीला चहा ठेवायचं. पण निरोपच तसा, काय करणार. रविवारी जीपमध्ये द्वारकाबाई मागच्या सीटवर बसल्या, नवं लुगडं, हातात रुमाल. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं जीप रांगत होती, तेवढ्या वेळात तात्यांनी शिकवणी घेतली.

"इचारलं तर काय सांगायचं?"

"आमी दर आयतवारी बागंत येतो."

"आन भिगवणला?"

"थंडीत येतोच येतो."

"बास. त्याच्यापुढं बोलायचं न्हाय."

रविराज गाडी चालवत होता. तो म्हणाला, "तात्या, कशाला हे? खरं सांगितलं तर काय हुतंय?" तात्यांनी त्याला रस्त्याकडं बघायला सांगितलं.

बागेच्या फाटकात रखवालदारानं गुळाला जागून नमस्कार घातला. जोतीराम, त्यांची पत्नी आणि संस्कृती आधीच येऊन थांबले होते. सगळे आत शिरले, आणि द्वारकाबाई मागं राहिल्या. बघतात तर त्या फाटकाशी वाकून चपला काढत होत्या, देवळात शिरताना काढाव्यात तशा.

"आगं, घाल की त्या!" तात्या दातांमधून म्हणाले.

"एवढं चांगलं गवत हाय वो," द्वारकाबाई म्हणाल्या. संस्कृतीनं हे ऐकलं. तिनंही आपल्या सँडल काढून हातात घेतल्या.

पुढचा अर्धा तास द्वारकाबाईंनी धडा चोख म्हटला. विचारलं तेव्हा तर म्हटलाच, पण कुणी न विचारताही म्हटला. "आमी दर आयतवारी येतो," त्या कारंज्यापाशी म्हणाल्या, गुलाबांपाशी म्हणाल्या, पाण्याच्या नळापाशीही म्हणाल्या.

"मग तुमची आवडती जागा कुठली, आई?" संस्कृतीनं सहज विचारलं.

धड्यात हे नव्हतं. द्वारकाबाईंनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी पाठीमागं धरलेल्या हाताच्या बोटानं एक बाक दाखवला. "ती," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या बाकावर एक कुत्रं झोपलं होतं. तात्या घाईघाईनं सगळ्यांना कालव्याकडं घेऊन गेले.

भिगवणचं पाणी खरं तर इंदापूर तालुक्यातलं, पाहुणे इंदापूरचे, आणि त्यांना ते दाखवणार वडगावचे तात्या. पण जोतीराम मोकळेपणानं म्हणाले, "रोज ह्या रस्त्यानं जातो आम्ही, पण थांबणं काही झालं नाही." आपल्याच उशाशी काय आहे हे न बघायची सवय दोन्ही तालुक्यांत सारखीच आहे, याचं तात्यांना फार बरं वाटलं. सोयरीक जमायला काहीतरी साम्य लागतंच.

मल्हार नावाच्या कोळ्याच्या बोटीत सगळे बसले. त्यानं प्रत्येकाच्या अंगात नारंगी जाकीट अडकवलं. द्वारकाबाईंच्या जाकिटाचा पट्टा संस्कृतीनं लावून दिला. मल्हारनं बोट पाण्यात लोटली, थोडं आत गेल्यावर इंजिन बंद केलं आणि बांबूनं सावकाश पुढं नेली. उथळ पाण्यात पाखरं उभी होती, काड्यांसारख्या पायांवर, माना वाकवून चिखलात काहीतरी शोधत. पांढरी दिसत होती. तात्यांनी घसा साफ केला. "ही आमची..."

तेवढ्यात कशानं तरी दचकून सगळा थवा एकदम उडाला. पंख उघडले आणि आतला रंग बाहेर आला, गुलाबी, लाल, काठाला काळा. पाण्यावर, आभाळात, जिकडं बघावं तिकडं तोच रंग. द्वारकाबाईंनी संस्कृतीचा हात घट्ट धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या हसत होत्या.

"आवो," त्या तात्यांना म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "आवो, ही आशी पाखरं हितं येत व्हती, आन तुमी मला एकदा बी न्हाय बोलला?"

पाखरं लांब जाऊन पुन्हा पाण्यात उतरली. तात्यांनी मल्हारकडं बघितलं. मल्हार बांबूकडं बघत होता.

"आई, तुम्ही पहिल्यांदाच आलात?" संस्कृतीनं हळूच विचारलं.

द्वारकाबाईंना धडा आठवलाच नाही. "पहिल्यांदाच गं बाई. बारामतीला येते की मी, दवाखान्यात, बाजाराला. पर बाग? बाग आज बघितली. लग्न हून आले तवापासनं कुणी म्हणलंच न्हाय, चल म्हणून."

"ती इसरती," तात्या म्हणाले. "तिला बीपी हाय."

संस्कृतीनं रविराजला विचारलं, "आणि तुम्ही?"

रविराजनं बापाकडं न बघता सांगितलं, "मी दोनदा आलोय. तुमच्याआधी दोन स्थळं आली, तवा." मग थोडं थांबून म्हणाला, "आईला आणायचं सुचलं न्हाय मला बी." हे बोलताना त्याचा चेहरा उतरला होता. संस्कृतीनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, आणि मासळीच्या जेवणाच्या वेळी ती द्वारकाबाईंच्या शेजारी बसली.

तात्यांनी याचा अर्थ चांगला लावला. सासू-सुनेचं जुळलं म्हणजे अर्धं लग्न झालं. दिवेलागणीला घर बघून पाहुणे गेले, तेव्हा त्यांनी मांडवाची जागासुद्धा मनात धरली, फक्त ट्रॉली हलवावी लागणार होती.

जोतीरामांचा फोन बुधवारी संध्याकाळी आला. ते अवघडून बोलत होते. मुलगा चांगला आहे, खरं बोलणारा आहे. घर चांगलं. बागेची आणि पाखरांची तर अजून आमच्याकडं चर्चा चालू आहे. पण पोरगी नको म्हणते.

"आवो पर कारण काय?" तात्यांचा आवाज चढला. "काय कमी दावलं आमी?"

"राग नका मानू, तात्या. ती म्हणते, सून करायची असेल तेव्हा बाग दाखवतात. सून झाल्यावर काय दाखवतात, ते सासूबाईंकडं बघून कळलं."

तात्यांनी फोन ठेवला. रविराज गोठ्यात होता आणि आज शीळ ऐकू येत नव्हती. त्याला संस्कृतीनं आधीच कळवलं असावं. ओट्यावर द्वारकाबाई शेजारच्या साखरबाईंना पाखरांचं सांगत होत्या. रविवारपासून रोज सांगत होत्या, आणि साखरबाई रोज नव्यानं ऐकत होत्या. तात्या त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. साखरबाईंनी त्यांचं तोंड बघितलं आणि घरी काहीतरी उतू जाईल म्हणत निघून गेल्या.

"मोडलं," तात्या म्हणाले. "तुझ्या तोंडामुळं मोडलं. सोन्यासारखी पोरगी गेली हातची." आणि जोतीरामांनी सांगितलेलं वाक्य त्यांनी बायकोला जसंच्या तसं ऐकवलं, तिला लाज वाटावी म्हणून.

द्वारकाबाईंनी ते नीट ऐकलं. लाज वाटल्याचं काही दिसलं नाही. उलट रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "शाणी हाय पोरगी. माझ्या टायमाला तुमच्या आईला कुणी असं बोलतं केलं आसतं, तर मी बी न्हाईच म्हणले आसते."

पोराला आलेले नकार तात्यांनी आजवर पचवले होते. पोरीकडच्यांना नावं ठेवायची, जमान्याला शिव्या घालायच्या आणि पुढच्या रविवारची जीप ठरवायची, ही रीत त्यांना जमून गेली होती. हा नकार मात्र पोराला नव्हता. ते ओट्यावर बसले आणि काहीतरी सुचेल म्हणून वाट बघत राहिले. द्वारकाबाई दूध तापवायला आत गेल्या.