भावाच्या शहरातलं माझं मत

अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराचा मेयर कोण व्हावा, यासाठी मी अमिरातीतल्या अल ऐनमध्ये बसून जिवाचं रान केलं, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. माझा धाकटा भाऊ त्या शहराचा मतदार. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. मला विचारल्याशिवाय तो कुठलीच गोष्ट करत नाही, हा माझ्या आयुष्यातला मोठा अभिमान. या निवडणुकीतही त्याने फोनवर विचारलं, "ताई, तू सांग, कुणाला देऊ?"

मला स्वतःला कुठेच मत नाही. पुण्याच्या यादीतून नाव केव्हाच गळलं आणि इथे आम्ही व्हिसावर. त्यामुळे मी ते काम भलतंच मनावर घेतलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये कानात इयरफोन खुपसून दोन्ही उमेदवारांची भाषणं ऐकली. एक जण म्हणत होता, भाडेकरूला उगाच घराबाहेर काढू देणार नाही. मुलाचं लग्न ठरलंय, घर खाली करा, असं आम्हाला इथे दोन घरमालकांनी सांगून झालंय. माझं तिथेच ठरलं.

"डन, ताई. तुझं मत पडलं समज," भाऊ म्हणाला.

"तुझ्या मेयरला विचार, आपला एसी कधी दुरुस्त करतोय," नवरा चिडवायचा. "तोही इथल्या मेकॅनिकसारखा 'इन्शाल्ला, उद्या' म्हणेल."

मतमोजणी रेंगाळली. कधी हा पुढे, कधी तो. शेवटी माझा उमेदवार अगदी थोडक्यात पडला. मला चक्क रडू आलं. भावाला किती वाईट वाटत असेल म्हणून लगेच फोन लावला आणि त्याची समजूत घालायला लागले.

त्याने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाला, "ताई, अ‍ॅक्च्युअली मी दुसऱ्याला दिलं. मागच्या वर्षी एक फ्लॅट घेतलाय, भाड्याने दिलाय. तुझा माणूस आला असता तर भाडेकरूला हलवताच आलं नसतं."

फ्लॅट घेतल्याचंही मला ठाऊक नव्हतं. मी तापले.

"मग मला विचारलंस कशाला?"

"तुला बरं वाटावं म्हणून. नेहमी विचारतोच की."

नेहमी. म्हणजे इतकी वर्षं माझं मन राखणं चाललं होतं.

आता तो काही विचारू लागला की मी म्हणते, तुझं तू बघ. तो "बरं" म्हणतो. त्या "बरं"मध्ये एकदाची सुटका झाल्याचं ऐकू येतं, आणि तेच मला सहन होत नाही.