शांत कॉम्प्युटर मागितला, दिव्यांचा डबा दाखवला

मंडळी, बाबांच्या कानाला मशीन आहे. त्यात साध्या पंख्याची घरघरही मोठी ऐकू येते. म्हणून टीव्हीला जोडायला स्वस्तातला, बिनआवाजी कॉम्प्युटर जुळवावा म्हणून आज त्यांना घेऊन जळगाव जामोदला एका दुकानात गेलो.

दुकानदारानं रंगीत दिव्यांचा, चार पंख्यांचा कॉम्प्युटरचा डबा सुरू केला. बाबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं.

मी म्हटलं, "भाऊ, बाबाले गेम नाही खेळायचे, जुनी नाटकं पाहायची हायेत. बिनपंख्याचा साधा बोर्ड अन् एसएसडी, म्हणजे आवाज न करणारी डिस्क द्या."

"मंग टीव्हीचा आवाज वाढवा ना! म्हाताऱ्याले काय समजते?"

डब्यात एवढे दिवे, अन् डोक्यात अंधार! बाबांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते हसून त्या टिनपाट दुकानदाराला नमस्कार करत होते.

पार्ट मी ऑनलाइन मागवेन. पण असल्या माणसाला दुकानदार म्हणायचं काऊन?