पत्रकाखालचा माझा नंबर

माझ्या आईवर दोन अन्याय झाले. पहिला मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता, उचगावात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. गटारावरची फरशी वर्षभर डुगडुगत होती. सगळ्यांना ठाऊक होतं, सांगून झालं होतं, अर्ज देऊन झाला होता. बावन्न वर्षांची बाई, हातात दळणाचा डबा, पाय ठेवला आणि फरशी फिरली. उजवं मनगट मोडलं, घोटा मुरगळला, पीठ गटारात गेलं.

दुसरा अन्याय त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी चार वाजता. तो मी केला.

मला पत्रकंच लिहिता येतात. कॉलेजपासून तेच करत आले. बसच्या फेऱ्या, नळाचं पाणी, शाळेची गळकी खोली. एक बाजू मराठी, एक बाजू कन्नड, म्हणजे सरकारी ऑफिसात कुणाला कळलं नाही म्हणायला जागा नको. वर सवाल, मध्ये फोटो, खाली नंबर, ही रीत. त्या शनिवारी आईला सोप्यातल्या बाकड्यावर बसवलं आणि म्हटलं, प्लॅस्टर नीट दिसू दे.

"पदर तरी सारखा करू दे गं."

"नको. हाय तसं दिसू दे. त्यानंच लोक हलतात."

वर छापलं: आणखी किती आयांनी पडायचं? खाली माझा मोबाइल नंबर.

लोक हलले. फोटो या फोनावरून त्या फोनावर जांबोटीपर्यंत गेला. वीस दिवसांत नवी फरशी बसली. मी पेढे वाटले.

प्लॅस्टर निघालं, घोटाही बरा झाला. डॉक्टर म्हणाले, चाला. आई उंबऱ्यापर्यंत जायची आणि चौकटीला धरून उभी राहायची. "पायच उचलत न्हाय," एवढंच म्हणायची. ही तीच बाई, जी डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन, बुट्टीला हात न लावता, वीतभर बांधावरून शेतात जायची, आणि जाता जाता पलीकडच्या बांधावरच्या बाईशी भांडायचीसुद्धा.

मन घट्ट करून ती उंबरा ओलांडायची, तेव्हा माझा फोन वाजायचा; पत्रकावरून नंबर सगळ्यांकडं होताच. मी मच्छेच्या एका कारखान्यात ऑफिसला आहे. बिलं तपासत असायची आणि कुणीतरी सांगायचं, "तुझी आई दुकानापाशी उभी हाय, एकटीच. बघ बाई." नाहीतर, "चक्कीकडं निघालती. माघारी धाडली मी तिला." डब्यासकट माघारी! कुणी तिचं कोपर धरायचं, कुणी हातातली पिशवी काढून घ्यायचं. आणि मी मूर्खासारखी सगळ्यांना म्हणायची, लई उपकार झाले. अख्खं गाव पहाऱ्यावर बसवलं होतं मी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दारात आडवी खुर्ची टाकून ठेवली होती. "मी संगं असताना जा की, न्हाय कोण म्हणतंय?" आई आत, घरातल्या घरात, पाहुणी आल्यासारखी बसलेली. घागरसुद्धा कुणी उचलू देईना.

सुगी तोंडावर आली. भात कापायला बायका सांगून झाल्या होत्या. त्यांच्या भाकऱ्या मोटारसायकलवरून मी नेतो, असं आप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आक्कांचा फोन. "आगं, तुझी आई परड्यात डोस्क्यावर तांब्या घेऊन फिरतीया. काय बिघडलंय का बघ."

अर्धी रजा टाकून आले. घरामागं परड्यात, गोठ्याच्या कडेला दगडांची ओळ आहे, बांधाएवढीच रुंद. आई तिच्यावरून चालत होती, एका पावलापुढं दुसरं. डोक्यावर जुन्या साडीची चुंबळ, चुंबळीवर पाण्यानं भरलेला तांब्या. अंगावरची साडी खांद्यापासून भिजलेली. म्हणजे तांब्या बऱ्याचदा पडला होता.

मी जाऊन कोपर धरलं.

"सोड."

"पडशील."

"पडू दे. तू पत्रकं वाटतीस तवा तुझं कोपर धरलंय का कुणी?"

"धरलंय की. पोलिसानं."

"मग? कसं वाटलं?"

मी हात काढला. ती परत दगडावर चढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "फरशी बसली न्हवं? मग माझा त्यो फोटू चक्कीच्या भिताडावर कशाला ठेवलाय? दळायला गेलं की मीच पडल्याली दिसतीया."

संध्याकाळी खुरपं घेऊन पत्रकं खरवडायला निघाले. खळ मीच शिजवली होती, मैद्याची, चांगली दाट. निघता निघेना. चक्कीच्या भिंतीवर आईचं तोंड निघालं, प्लॅस्टरचा हात राहिला.

चक्कीवाले काका बघत होते. "लावणारी तूच, फाडणारी बी तूच. आता कुणाच्या इरोधात हाय हे?"

"माझ्याच."

"मग जपून. लई चिवट बाई हाय ती," म्हणाले.

कापणीच्या दिवशी आईनं बुट्टी उचलली. आप्पांनी मोटारसायकल बाहेर काढली होती. तिनं नुसतं बघितलं, त्यांनी ती परत स्टँडवर लावली. नव्या फरशीपाशी ती थांबली. मी दहा पावलं मागं, हात पाठीशी बांधून. फोन वाजला. "तुझी आई..."

"दिसतीया मला," म्हटलं आणि बंद केला.

आईनं भिंतीला हात टेकला आणि फरशी ओलांडली.

बांधाला भिंत नसते. तरी अर्धा बांध ती नीट गेली, मान पूर्वीसारखी ताठ. तेवढ्यात पलीकडं कापणीला आलेला एक परगावचा माणूस विळा टाकून धावत आला. "मावशी, थांबा, थांबा, धरतो! फोटूतल्या तुमीच न्हवं?" आई दचकली. पाय घसरून ओल्या भातात गेला, बुट्टी कलली, तिच्यातलं ताक आईच्या खांद्यावरून सांडलं. ती पडली नाही. हे ठळक टाइपात छापायला हवं: ती पडली नाही. पण बुट्टी तिनं खाली उतरवली, आणि उरलेला बांध त्या माणसाच्या हातात कोपर देऊन चालली, मान खाली घालून. त्याला वाईट वाटू नये म्हणून.

आता ती तांबडं फुटताना जाते, बांधावर कुणी नसतं तेव्हा. काम नसलं तरी रिकामी बुट्टी घेऊन. आपल्याच गावात चोरासारखी, भल्या माणसांची नजर चुकवून. नंबर मी बदलला. फोटो मला परत आणता येत नाही.

म्हणून ही मागणी तुमच्याकडं. बेळगावपासून निपाणीपर्यंत कुणाच्याही फोनात ते पत्रक असेल, प्लॅस्टरमधला हात, विस्कटलेला पदर, वर माझा तो सवाल, तर आत्ता काढून टाका. ज्याला पुढं पाठवलंत त्यालाही काढायला सांगा. आणि चांगलं उजाडल्यावर उचगावच्या एखाद्या बांधावर बुट्टी घेतलेली बाई दिसली, तर विळा टाकू नका. कापत राहा.