गल्लीतला रोजचा भूकंप

तमाम लातूरकरांना जाहीर करण्यात येते की, भूकंपानंतरच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीला रोज पहाटे घराबाहेर पळवणारी गडगड धरणीची नव्हती, माझ्या जुन्या मोटारीची होती. मी शिकवणी घ्यायला निघताना गाडी चालू केली, की माणसं पोरं कडेवर घेऊन बाहेर येत.

शेवटी अहमदपूर रस्त्यावरचा एक मिस्त्री गाठला आणि त्याला गल्लीची पळापळ सांगितली. त्याने गाडी चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि उदबत्ती पेटवली. मला वाटलं, पूजा! उदबत्ती तो इंजिनाच्या कडेकडेने सावकाश फिरवत गेला. एका जागी धूर फर्रकन उडाला.

"हितून बोंबलायलीय. पॅकिंग फाटलंय."

इंजिन निवल्यावर त्याने नवं पॅकिंग घातलं आणि एकेक बोल्ट असा आवळला, जणू खाली बाळ झोपलंय.

"बाहेर पळायला घरच उरलं न्हाई आमचं," तो म्हणाला. "ज्यांचं हाय, त्यांना झोपू द्या, सर."

दुसऱ्या पहाटे मी गाडी चालू केली. शेजारच्या काकू सवयीने आधीच नातवाला घेऊन अंगणात उभ्या होत्या. वाट पाहून पाहून त्या ओरडल्या, "अहो सर, करा की चालू एकदाची, म्हंजे आमी आत जाऊन झोपू!"