मोबाईल बॅच

हॉस्टेलवर आम्ही चौघी जमलो की अभ्यास राहतो बाजूला आणि किस्से निघतात. आमची बॅच कोरोनातली, म्हणजे अर्धं नर्सिंग मोबाईलवर शिकलेली. किस्से साचणारच!

मॅडमनी ऑनलाइन सांगितलं, इंजेक्शनचा सराव संत्र्यावर करा. आमचा भातकुलीला भाजीचा मळा. संत्री नव्हती, वांगी होती. मी आठवडाभर वांग्यांना पाण्याची इंजेक्शनं दिली. आई भरीत करता करता म्हणाली, "यंदा वांग्यात इतकं पाणी काहून निघून राहिलं वो?" बाबांनी थेट बियाणंवाल्याला फोन लावला!

शपथविधीही मोबाईलवरच. हातात पणती घेऊन मी म्हटलं, "मी माझ्या पेशंटची..." आणि नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या!

आमच्यातल्या दर्यापूरच्या रेखाला तर शेजारच्या काकूंनी बोलावलं, "आमची बकरी खोकलून राहिली, कोरोना असन का?" रेखा गेली. वर बकरीला मास्क लावून आली!

कॉलेज अमरावतीचं, पण प्रॅक्टिकलला आम्हाला अकोल्याच्या एका हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या इनचार्ज कमलसिस्टर. कोरोनाभर त्या वॉर्डात उभ्या होत्या, घरी गेल्या तरी अंगणातच जेवायच्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "आली का मोबाईल बॅच? पेशंटले म्यूट नोका करू बरं!"

त्यांचा नियम एकच. "सलाईनसाठी नस सापडत नाही, तवरी तुमी पोरी. सिस्टर मंग."

बाकी तिघी महिन्याभरात सिस्टर झाल्या. मी दोनदा सुई टोचली, दोन्ही वेळा चुकली. पेशंट हाक मारायचे, "ओ पोरी!" मला फार लागायचं ते. रात्री वाटायचं, आपण वांग्यांच्याच नर्स.

मग कमलसिस्टरच तापाने आमच्या वॉर्डात अॅडमिट झाल्या. मोठ्या सिस्टर सलाईन लावायला आल्या, तर यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तिले लावू द्या."

मी घाबरून म्हटलं, "सिस्टर, माझी तर शपथपण अर्धीच झालीय!"

"हात तं पुरा हाये ना?"

मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. मी सुई घातली. पहिल्याच फटक्यात नस सापडली. कमलसिस्टर कूस बदलून झोपल्या.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मला हाक मारली, "ओ पोरी, पाणी दे वो!"

कमलसिस्टर डोळे न उघडता ओरडल्या, "पोरी काहून म्हनता, आजी? सिस्टर म्हना!"