साध्या पॉलिशचा सेट

नवरीचा गळा हिरवा पडला होता आणि मुहूर्ताला दोन तास राहिले होते. सेट माझा होता.

बदलापुरात मी नवरीमुलींना भाड्याने दागिने देते. फोन आला तशी दुसरा सेट पिशवीत टाकून रिक्षाने जांभूळ गावाला गेले. दारातच नवरीची आत्या उभी.

"ओ आजी, हे सोनं का गवत?"

"सोनं असतं तर माझ्याकडून भाड्याने आणलं असतं का?"

चूक माझीच होती. हळदीला कशाला चांगला सेट, म्हणून मी साध्या पॉलिशचा दिला. त्यांच्या घरात हळद लागल्यावर नवरीचा गळा मोकळा ठेवत नाहीत, हे मी विचारलंच नाही. पोरगी रात्रभर सेट घालून झोपली. हळद, तेल, घाम, सगळं आत मुरलं. पॉलिश गेलं, खालचं पितळ वर आलं.

मला हे कळायला हवं होतं. उल्हासनगरला एका प्लेटिंगवाल्याकडे मी अनेक वर्षं दागिने तारेला टांगायचं काम केलं. साधं पॉलिश म्हणजे सोन्याच्या पाण्याच्या टाकीत बुडवलं की काढलं. मायक्रो पॉलिशला जास्त वेळ लागतो, थर जाड बसतो, जपलं तर काही वर्षं टिकतो. शेठ म्हणायचा, "नये में सब एक जैसा, अम्मा. छह महीने बाद पूछना." इथे सहा महिने कुठले, एक रात्र पुरली.

खोबरेल तेल आणि कापूस घेऊन मी गळा पुसायला बसले. नवरी रडत होती. "रडू नकोस, काजळ उतरलं तर ते भाड्याने देत नाही मी," म्हटलं. ती हसली. हिरवं निघालं, थोडं राहिलं ते पावडरने झाकलं आणि वर मायक्रोचा सेट चढवला.

आत्याचं तोंड चालूच होतं. "नवरदेवाच्या हातातलं घड्याळ सोनेरीच आहे ना? काल तेही हळदीत बुडालं. त्याला काय नाही झालं!"

"त्याचा थर बंद मशीनमध्ये चढवतात, हवा काढून. दगडासारखा बसतो. टाकीत नाही होत तसं."

"मग पोरीच्या गळ्यात घड्याळच घालायचं होतंत!"

मी तेलाचा कापूस गुंडाळून पिशवीत टाकला.

लग्न वेळेवर लागलं. हळदीचा सेट मी भंगारात टाकला. आता हळदीलाही मायक्रोच देते आणि आधी घरचे रिवाज विचारते. आत्याने पुढे आपल्या मुलीसाठीही माझ्याकडूनच सेट नेला.