अण्णांचा उजवा कान

पत्र्याची ट्रंक, दोन दिवसांच्या दशम्या आणि अण्णांनी दिलेलं एक बंद पाकीट घेऊन मी मिरजेहून कलकत्त्याला निघाले, तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आता नात म्हणते, आजी, तुझा तो योगाचा प्रवास ब्लॉगवर टाकू या. टाक बाई! पण आधीच सांगते, जाताना मला जेवढं कळत होतं, त्याहून कमी कळून मी परत आले.

अण्णा म्हणजे आमच्या योगवर्गाचे गुरुजी. तरुणपणी नोकरीनिमित्त ते कलकत्त्यात होते. तिथे सान्यालबाबूंकडे योग शिकले आणि मिरजेला येऊन त्यांनी वर्ग काढला. माझा दमा त्यांच्याच सोळा आसनांनी पळाला. आमच्या पद्धतीच्या दोन खुणा होत्या. शीर्षासन वर्ज्य, आणि प्रत्येक आसनानंतर डाव्या कुशीवर पडून विश्रांती. का, असं विचारलं की अण्णा सांगत, "शीर्षासनाने अहंकार वाढतो, आणि डाव्या कुशीने सूर्यनाडी उघडते." आम्ही माना डोलवायचो. आता अण्णांची छाती दुखायला लागली होती. दसऱ्यापासून वर्ग मी चालवायचा, असं ठरलं होतं.

"पण आधी मुळापाशी जाऊन ये," ते म्हणाले. "सान्यालबाबूंनी हो म्हटलं तरच."

मिरज ते मुंबई, आणि तिथून नागपूरमार्गे हावडा. गाडीत दोन रात्री. नागपूरला संत्री घ्या, पुढे तोंडाला चव राहत नाही. हावड्याला रेल्वेतले माझे मामा न्यायला आले होते. त्यांचं क्वार्टर गार्डन रीचला. मामींनी पहिल्याच जेवणाला माझी फिरकी घेतली. "योग शिकायला कलकत्ता? अगं, इथे दुपारी मासे-भात खाऊन झोपतात, तोच योग!"

"थट्टा पुरे," मामा म्हणाले. "आणि तू अंधार पडायच्या आत घरी ये. नक्षलवाद्यांची धामधूम चाललीय, दिवस बरे नाहीत."

दुसऱ्या दिवशी गार्डन रीचहून बसने एस्प्लनेड आणि तिथून ट्रामने श्यामबाजारकडे. ट्रामच्या पुढच्या डब्यात पंखा असायचा, मागच्यात नाही. चार पैसे जास्त द्या आणि पुढे बसा. उतरल्यावर कोपऱ्यावर गरम कचोरी आणि बटाट्याची पातळ भाजी मिळाली. पानाच्या द्रोणात. मी दोनदा घेतली.

सान्यालबाबूंच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि माझं डोकंच चालेना. ओळी नाहीत, आज्ञा नाहीत, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. एक जाडजूड दुकानदार भिंतीला पाय लावून पडलेला. एक मुलगी खुशाल शीर्षासनात. प्रत्येकाजवळ एक कागद, त्यात बघून ज्याचं त्याचं चाललेलं. हा वर्ग आहे की दवाखाना?

ऐंशी ओलांडलेले सान्यालबाबू वेताच्या खुर्चीत बसले होते. मी अण्णांचं पाकीट दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "दिखाओ."

मी सोळाही आसनं केली. मान ताठ, श्वास मोजून. प्रत्येक वेळी डाव्या कुशीवर. ते कपाळाला आठ्या घालून बघत राहिले.

"ये किसका कागज है, मा?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी कपाटातून जुनी वही काढायला सांगितली. त्या दिवशी ती सापडली नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पिवळ्या पानावर बंगालीत अण्णांचं नाव, वय आणि तक्रार होती, ती सान्यालबाबूंनी वाचून दाखवली: उजवा कान वाहतो, पचन मंद. खाली आमची सोळा आसनं, त्याच क्रमाने. आणि शेवटी: शीर्षासन नको. उजव्या कानावर दाब नको, डाव्या कुशीवर पडावे.

"ये तो उसके कान का दवाई है," सान्यालबाबू म्हणाले. "तुम सब लोग खा लिया?"

मला रडू फुटलं. अख्खी मिरज वीस-पंचवीस वर्षं एका माणसाच्या कानासाठी कुशीवर पडत होती! मी विचारलं, "मग माझा दमा कसा गेला?"

"मालूम नहीं," ते म्हणाले.

याचा मला जास्त राग आला. इतक्या लांब आले ते 'मालूम नहीं' ऐकायला?

मग त्यांनी मला तपासलं आणि माझा वेगळा कागद लिहिला. त्यात शीर्षासन होतं. अठरा दिवस मी रोज ट्रामने गेले. पहिले सहा दिवस शीर्षासनात नुसता तोल जाऊन पडत होते. निघताना धीर करून विचारलं, "वर्ग चालवू का?"

"चलाओ. लेकिन पहले सबको पूछो, कान कैसा है."

परतीच्या गाडीत एकच घोर होता. अण्णांना हे सांगायचं कोणत्या तोंडाने? खरं सांगावं तर आजारी माणसाचं आयुष्यभराचं काम खोटं ठरतं. लपवावं तर दसऱ्यापासून ते खोटं माझं.

अण्णा खाटेवर बसले होते. मी पाया पडले. तेच म्हणाले, "शीर्षासन शिकवलं?"

"हो."

"दाखव."

मी पदर खोचला आणि त्यांच्यासमोर उलटी झाले. खाली आले तेव्हा अण्णांचे डोळे भरले होते.

"कान माझा होता, हे मला माहीत नव्हतं का गं?" ते म्हणाले. "पाकिटात तेच लिहिलं होतं, आणि हे तिला तुम्हीच दाखवा, असंही. मला तेवढाच एक कागद येत होता. लोक 'का?' असं विचारायचे, आणि मला लाज वाटायची. मग सूर्यनाडी सांगितली."

मी वर्ग चालवायला घेतला. आधी माणूस बघते, मग कागद लिहिते. पण स्वतः अजून प्रत्येक आसनानंतर डाव्या कुशीवरच पडते. बरोबर की चूक, पन्नास वर्षांत ठरवता आलेलं नाही. नव्या मुली विचारतात, "आजी, डावीच कुशी का?"

"आमच्या अण्णांचा उजवा कान वाहायचा," मी सांगते. त्या खो खो हसतात. कुणाला खरं वाटत नाही.